हॉटडिशसाठी नॉर्डिक वेअरचं ९ बाय १३ इंची पॅन: चाळीस माणसांचं जेवण करणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेचार स्टार. आणि ज्यांना चर्चमध्ये, मंडळात, मुलांच्या टीमसाठी किंवा कुणाच्या घरी दुःखाच्या प्रसंगी वीस, तीस, चाळीस माणसांचं गरम जेवण करून न्यावं लागतं त्यांनी एक मोठं खोल भांडं घेण्याऐवजी हे झाकणवालं साधं अल्युमिनियमचं पॅन दोन-तीन नग घ्यावेत असं माझं ठाम मत आहे, का ते सविस्तर लिहिते कारण ऑनलाइन रिव्ह्यू सगळे केकचे आहेत, बीफ-बटाट्याच्या हॉटडिशसाठी कुणी नीट लिहिलेलंच नाही.

मिनेसोटात राहत नसलेल्यांसाठी थोडक्यात. हॉटडिश म्हणजे खाली खिमा, भाजी आणि घट्ट सूप, वर बटाट्याचा थर, आणि सगळं एकाच ट्रेमध्ये ओव्हनमध्ये भाजलेलं. बाकीच्या अमेरिकेत ह्याला कॅसरोल म्हणतात, इथे कॅसरोल म्हणालात तर लोक हसून दुरुस्त करतात. छापलेली सगळ्यात जुनी माहीत असलेली रेसिपी १९३० ची आहे, इथल्याच मँकेटो गावातल्या ग्रेस लुथरन चर्चच्या (लुथरन म्हणजे एक प्रोटेस्टंट पंथ) बायकांच्या कुकबुकातली, त्यात बीफचा खिमा, कांदे, सेलरी, मटार, टोमॅटो सूप आणि क्रिमेट कंपनीची मॅकरोनी होती, म्हणजे सुरुवातीला बटाटा नव्हताच. १९३४ मध्ये कॅम्पबेलचं क्रीम ऑफ मशरूम सूप आलं आणि ते इथल्या चर्चच्या स्वयंपाकघरात इतकं बसलं की त्याला लोक चक्क लुथरन बाइंडर, म्हणजे सगळं बांधून ठेवणारं, म्हणायला लागले. मग १९५३ मध्ये ओर-आयडा कंपनीच्या ग्रिग भावांनी फ्रेंच फ्राइज कापून उरलेल्या बटाट्याच्या बारीक तुकड्यांपासून टेटर टॉट्स, म्हणजे छोटे फ्रोझन मुटके, काढले, आणि आज हॉटडिश म्हटलं की डोळ्यासमोर वर ओळीत लावलेले ते सोनेरी टॉट्सच येतात. आपल्या वसईकडच्या किंवा गोव्याच्या लोकांना पोटॅटो चॉप माहीत असेलच, बटाट्याच्या आत खिमा, तर चवीची जोडी तीच आहे फक्त इथे एकेक वळत बसायचं नाही, थर लावायचा आणि ओव्हनमध्ये ढकलायचा. चाळीस माणसांना चॉप वळून तळणं काय असतं ते ज्याने केलंय त्याला ह्या पदार्थाची किंमत लगेच कळेल.

आमची पॅरिश कॅथलिक आहे पण तळघरातला हॉल आणि हॉटडिश ह्यात कॅथलिक-लुथरन भेद काही उरलेला नाही. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, शुक्रवारी मांस नसतं म्हणून तेव्हा मासे, बाकी वर्षभर रविवारच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या प्रार्थनेनंतर), मुलांच्या कन्फर्मेशनच्या विधीला, अंत्यविधीनंतरच्या जेवणाला कुणी ना कुणी हॉटडिश आणतंच. त्यामुळे मी काच, फॉइल, हॉटेलवाले मोठे स्टीलचे ट्रे, इनॅमलचं ओतीव लोखंडी भांडं, सगळ्यात हा पदार्थ केलेला किंवा शेजारी उभं राहून बघितलेला आहे.

आता पॅनबद्दल. कंपनी इथलीच, मिनियापोलिसला लागून सेंट लुइस पार्कमध्ये, १९४६ पासूनची, बंट केकचं ते मधे भोक असलेलं नक्षीदार भांडं ज्यांनी घरोघरी पोचवलं तीच. सेंट लुइस पार्कला त्यांचं फॅक्टरी स्टोअर आहे, गावात असाल तर तिथे जाऊन हातात घेऊन बघा. पॅन जाड, कोटिंग नसलेल्या नैसर्गिक अल्युमिनियमचं, काठाच्या वळणाच्या आत स्टीलची तार असते म्हणून वाकत नाही, आणि वर बसणारं प्लॅस्टिकचं झाकण. दिसायला अगदी साधं, भेट म्हणून दिलं तर समोरचा फार खूश होणार नाही. पण वजनाला हलकं आहे आणि हे फार महत्त्वाचं, कारण भरलेल्या हॉटडिशचं वजन माणसाला आधी कळत नाही. हिशोब करा, दीड पौंड खिमा, साडेदहा औंसाचे सूपचे दोन डबे, पौंडभर फ्रोझन भाजी, दोन पौंडाचं टॉट्सचं पाकीट, हे आत्ताच जवळजवळ सहा पौंड झालं, म्हणजे अडीच किलोच्या वर. ह्यात काचेच्या जाड ट्रेचं वजन मिळवा आणि असे चार ट्रे गाडीपासून बर्फातून तळघराच्या जिन्यापर्यंत न्या!

वन टाइम फॉइलचे ट्रे हलके असतात हे खरं, धुवायला लागत नाहीत हेही खरं, पण एवढं वजन भरलं की मधोमध पोट सुटतं, ओव्हनमधून काढताना दोन टोकांना धरलं की वाकतात आणि गरम रस्सा हातावर यायची भीती. म्हणून लोक खाली बेकिंग शीट ठेवतात, मग ती शीट ओव्हनची हवा अडवते आणि खालचा थर गरम व्हायला अजून वेळ. अंत्यविधीच्या घरी भांडं परत मागायचं नसतं तिथे फॉइलच बरं, हे मात्र मान्य.

काचेचा ट्रे मला आवडतो, उष्णता धरून ठेवतो, टेबलावर छान दिसतो, टोमॅटो चालतो. अडचण एवढीच की काचेला एकदम तापमान बदललेलं चालत नाही, बनवणारे स्वतःच सांगतात की फ्रीझरमधून थेट गरम ओव्हनमध्ये घालू नका, ब्रॉयलरखाली (ओव्हनच्या वरच्या थेट आचेखाली) ठेवू नका, गरम असताना ओल्या किंवा गार ओट्यावर टेकवू नका. आणि गर्दीच्या स्वयंपाकात नेमकं हेच सगळं करायचं असतं, आदल्या रात्री भरून फ्रिजमध्ये, सकाळी थेट ओव्हनमध्ये, शेवटी दोन मिनिटं ब्रॉयलर. अल्युमिनियमला त्याचं काही वाटत नाही, गारच्या गार भांडं ४०० डिग्रीच्या ओव्हनमध्ये सरकवा, खुशाल. (फॅरेनहाइट हं, सेल्सिअसमध्ये साधारण २००.)

पण माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. बहुतेक जण चाळीस माणसं म्हटलं की मोठं भांडं शोधायला लागतात, बारा बाय वीसचा हॉटेलचा ट्रे, चार इंच खोल, भरा काठोकाठ. त्यात हॉटडिश चांगलं होत नाही. का, तर हॉटडिशमध्ये खायला मजा येते ती वरच्या कुरकुरीत टॉट्सची आणि खालच्या मऊ खिम्याची एकाच घासात, आणि टॉट्स कुरकुरीत व्हायला खालून येणारी वाफ कमी लागते. ट्रे जितका खोल तितका रस्सा जास्त, वाफ जास्त, आणि ती सगळी वाफ त्याच टॉट्समधून वर येणार, मग वरून तपकिरी दिसले तरी आत ओले गिच्च. शिवाय खोल ट्रेचा मध्यभाग गरम व्हायला इतका वेळ लागतो की तोवर कडा करपतात. ९ बाय १३ च्या दोन इंची पॅनमध्ये खिम्याचा थर इंचभर येतो आणि टॉट्सचा इंचभर, म्हणजे प्रत्येक वाढणीत दोन्हीचं प्रमाण बरोबर. बारा बाय वीसच्या एका ट्रेचं क्षेत्रफळ म्हणजे जवळपास असे दोन पॅन, मग दोनच घ्या की, चार कोपरे जास्त मिळतात आणि कोपऱ्याचा तुकडा कुणाला नको असतो सांगा.

ओव्हनचं गणितही ह्यात बसतं. इथले घरगुती तीस इंची ओव्हन आतून साधारण दोन फूट रुंद असतात, त्यात हे पॅन उभे लावले तर एका जाळीवर दोन शेजारी शेजारी मावतात, दोन जाळ्या म्हणजे चार पॅन एका वेळी. मधे एकदा वरचे खाली, खालचे वर करायचे आणि तोंड फिरवायचं. एक पॅन असेल तर ४०० डिग्रीला चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत होतं, चार असतील तर तासाच्या आसपास धरा, कारण चार पॅनची वाफ ओव्हनमध्ये कोंडते, पंख्याचा म्हणजे कन्व्हेक्शनचा पर्याय असेल तर लावाच. थर्मामीटर मधोमध खुपसून बघा, १६५ फॅरेनहाइट म्हणजे ७४ सेल्सिअस आलं पाहिजे, चर्चमध्ये म्हातारी माणसं आणि लहान मुलं जेवणार असतात तिथे अंदाजावर सोडू नका.

किती पॅन लागतात हा प्रश्न हमखास येतो. पॉटलक असेल, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा असेल, टेबलावर बाकी चार पदार्थ असतील, तर एका पॅनचे तीन बाय चार असे बारा तुकडे पुरतात. हॉटडिश हेच मुख्य जेवण असेल आणि सोबत फक्त कोलस्लॉ आणि ब्रेड, तर दोन बाय चार, आठच तुकडे. म्हणजे चाळीस माणसांना पाच पॅन, आणि मी सहावा करतेच कारण दुसऱ्यांदा घेणारे असतात. सहा पॅनला नऊ पौंड खिमा, बारा डबे सूप, सहा पौंड भाजी, बत्तीस औंसाची सहा पाकिटं टॉट्स, दोन मोठे कांदे प्रत्येक पॅनला धरून डझनभर कांदे. ही यादी फ्रिजवर लावून ठेवलेली आहे माझ्याकडे.

खिमा ८५-१५ चा (८५ टक्के मांस, १५ टक्के चरबी) घ्या, ८०-२० स्वस्त पडतो पण चरबी काढून टाकावी लागते आणि नाही काढली तर ती पॅनमध्ये तळाशी साचते. मोठ्या भांड्यात एकदम नऊ पौंड टाकू नका, खिमा परतण्याऐवजी स्वतःच्या पाण्यात शिजतो आणि करडा पडतो, दोन-तीन पौंडाच्या घाण्यांनी परता, चांगला तपकिरी होईपर्यंत, पाणी पूर्ण आटेपर्यंत. हे पाणी आटवणं म्हणजेच नंतरची वाफ कमी करणं, टॉट्सचा कुरकुरीतपणा खरं तर इथेच ठरतो. कांदा त्याच चरबीत. सूपच्या डब्यात पाणी घालायचं नाही, डब्यावर लिहिलेलं असतं घाला म्हणून ते पिण्याच्या सूपसाठी, इथे ते गाढच हवं. भाजी फरसबी किंवा मका, फ्रोझनच, पण खिम्यात टाकून दोन मिनिटं परतून घ्या म्हणजे तिचंही पाणी जातं. मी माझ्यापुरती भर घालते ती बॉटल मसाल्याची (आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांतला तिखट मिश्र मसाला), दीड पौंडाला एक मोठा चमचा, दरवर्षी वसईहून येतो, आणि इथल्या अस्सल मिनेसोटन आज्यांनीसुद्धा ह्यात काय घातलंय म्हणून विचारलंय. ज्यांच्याकडे नाही त्यांनी गोडा मसाला घालू नये असं मला वाटतं, मशरूम सूपबरोबर तो गोडवा जमत नाही, त्यापेक्षा मिरी आणि थोडं लाल तिखट ठीक.

टॉट्स फ्रीझरमधून काढून थेट लावा, वितळू दिले तर मोडतात. ओळीत लावायचे की नुसते ओतायचे ह्यावर इथे वाद आहेत, मी ओळीत लावते, देखणं दिसतं म्हणून तर आहेच पण ओळींमधल्या फटीतून वाफ सगळीकडे सारखी निघते. चीज टॉट्सच्या खाली, वर नाही. वर घातलं की चीजचा पापुद्रा वाफ अडवतो.

आता झाकण, ज्यासाठी मी हे पॅन विशेष करून सुचवतेय. आदल्या रात्री खिम्याचा थर भरायचा, उथळ असल्यामुळे लवकर निवतो, मग झाकण लावून फ्रिजमध्ये, आणि झाकणं सपाट असल्यामुळे एकावर एक पॅन रचता येतात, फॉइल लावलेले ट्रे असे रचता येत नाहीत. सकाळी झाकण काढा, टॉट्स लावा, ओव्हन. पण नीट लक्षात ठेवा, प्लॅस्टिकचं झाकण ओव्हनमध्ये जात नाही आणि गरम हॉटडिशवर लावून गाडीत नेऊही नका, आत पाणी सुटतं आणि तासभर मेहनत करून कुरकुरीत केलेले टॉट्स पंधरा मिनिटांत मऊ पडतात. गरम नेताना वरून फॉइल सैल टाका, एका कोपऱ्याला फट ठेवा, पॅन जाड टॉवेलात गुंडाळून कूलर बॉक्समध्ये. कूलर गरम वस्तूलाही चालतो, त्याचं काम उष्णता अडवणं, गार करणं नाही. पोचल्यावर दोन तासांच्या आत वाढून संपलं पाहिजे किंवा १४० फॅरेनहाइटच्या वर धरून ठेवलं पाहिजे.

आणि झाकणाचा अजून एक उपयोग, जो फक्त आपल्या लोकांच्या लक्षात येईल. मराठी घरांत गेलं की बीफ न खाणारे जास्त, आणि त्यांच्या पंगतीत हा पदार्थ ठेवायचा तर नुसतं तोंडी सांगून भागत नाही. वेगवेगळे छोटे पॅन असल्यामुळे एकात बीफ, एकात टर्कीचा खिमा, एकात नुसती भाजी आणि राजमा असं करता येतं, झाकणावर मास्किंग टेप लावून मोठ्या अक्षरात लिहायचं, आणि वाढायचे चमचे वेगळे ठेवायचे. मी तर भाजीचा पॅन आणि त्याचं झाकण कायमचं वेगळं ठेवलंय, त्यावर मार्करने खूण आहे, त्यात मांस कधीच शिजवत नाही, आणि ओव्हनमध्येही तो कायम वरच्याच जाळीवर, त्याची अदलाबदल नाही, म्हणजे दुसऱ्या पॅनमधलं काही त्यात सांडायचा प्रश्न नाही. एका मोठ्या ट्रेमध्ये हे शक्यच नाही. पाहुण्यांना निर्धास्तपणे जेवता आलं पाहिजे, ते पुन्हापुन्हा विचारत बसले तर आपण काही नीट केलेलं नाही.

अर्धा स्टार कशाला कापला ते सांगते. कोटिंग नसलेल्या अल्युमिनियमला आंबट पदार्थ सहन होत नाही, टोमॅटो सूपचं जुन्या पद्धतीचं हॉटडिश किंवा व्हिनेगर घातलेला खिमा ह्यात रात्रभर ठेवला तर धातूची चव उतरते आणि पॅनवर डाग पडतात. मशरूम सूपला हा प्रश्न नाही, पण टोमॅटोचं करायचं असेल तर बेकिंग पेपर आडवा-उभा टाकून मगच भरा, किंवा सरळ काच वापरा. दुसरं म्हणजे डिशवॉशर नाही, त्यातल्या साबणाने अल्युमिनियम काळपट होतं, हातानेच धुवायचं, आणि चीज चिकटलेलं असेल तर गरम पाण्यात अर्धा तास भिजवून मग घासायचं. धातूचा उलथना जपून वापरा, रेघोट्या पडतात, त्याने बिघडत काही नाही पण दिसतं. वेगळे कान नाहीत, फक्त काठ, आणि तो काठ सणसणीत तापतो, त्यामुळे जाड कोरडे मिट्स हवेतच, ओलं फडकं वापरू नका.

महाराष्ट्रातून कुणी वाचत असेल तर दोन गोष्टी. तिकडे २०१५ च्या कायद्यानंतर गाय-बैलाचं मांस मिळत नाही, म्हशीचा खिमा मिळतो आणि तो फार कोरडा असतो, म्हणून परतताना तेल किंवा लोणी सढळ घाला आणि शिजायला थोडं पाणी घालून मग पूर्ण आटवा. आणि पॅन मागवण्याआधी आपला ओटीजी आतून टेपने मोजा, हे ९ बाय १३ इंच म्हणजे साधारण २३ बाय ३३ सेंटीमीटर, वर काठ वेगळा, लहान ओटीजीत दारच लागणार नाही. टॉट्स नाही मिळाले तर बटाटे उकडून, पूर्ण निववून, जाड किसून, थोडं मीठ आणि कॉर्नफ्लोअर लावून लहान लहान मुटके वळून फ्रीझ करा, हे मी वसईत बहिणीकडे केलेलं आहे आणि छान झालं. निववायचं मात्र टाळू नका, गरम बटाटा किसला की चिकट होतो.

किमतीचं म्हणाल तर मी घेतलं तेव्हा झाकणासकट वीस-पंचवीस डॉलरच्या आसपास होतं, सेलमध्ये कमी. सहा एकदम घ्यायची गरज नाही, दोन-तीन घ्या, बाकीचे मोठ्या स्वयंपाकाच्या दिवशी मैत्रिणींकडून मागून आणा, इथे प्रत्येक घरात ह्या मापाचं काहीतरी असतंच. फक्त घेतल्या घेतल्या पॅनच्या तळाला आणि झाकणाला, दोन्हीला नावाची पट्टी लावा, चर्चच्या सिंकमध्ये सगळे पॅन सारखेच दिसतात.